भरतीची वाट

आमच्या बोईसरच्या सोसायटीतले काका-काकू मागच्या उन्हाळ्यात नॉर्वेला जाऊन आले. काकांचा जन्म तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्या करण्यात गेला. निवृत्तीचे पैसे हाती आल्यावर त्यांनी एकच मोठी हौस केली, आठ दिवसांची क्रूझ. बर्गन आणि तिथून वर फ्योर्डमध्ये, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्रात.

परत आल्यावर काकूंनी आधी सांगितलं ते जेवणाचं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी सलग आठ दिवस गॅस पेटवला नव्हता. या सुखाला मी कमी लेखणार नाही. ज्या बाईनं चाळीस वर्षं पहिल्या पाळीचा डबा पहाटे भरला, तिला समुद्रावर कुणीतरी आयतं ताट वाढलं, एवढ्यानंही त्या सहलीचे पैसे वसूल झाले.

मग त्या गायरांगर फ्योर्डचं सांगू लागल्या. त्या दिवशी वारा सुटला होता, प्रवाशांना किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटी सुटेनात. अर्धा दिवस जहाज फ्योर्डमध्ये उभं. लोक हिरमुसले, बरेच आत जाऊन बसले. काकू मात्र शाल लपेटून डेकवरच राहिल्या. समोरच्या कड्यावरून सात धारा खाली पडत होत्या. तिकडे त्या धबधब्याला ‘सात बहिणी’ म्हणतात. काकू म्हणाल्या, “मी हात जोडले. आपल्या साती आसराच त्या.” त्या धारांचं पाणी कसं पडत होतं, मधेच एक धार वाऱ्यानं कशी वळत होती, हे त्या कितीतरी वेळ सांगत राहिल्या. बर्गनचं विचारलं, तर म्हणाल्या, “तिथं सहा तास होते. फोटो आहेत.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. गाठायचं ठरलं होतं ते शहर फोटोत राहिलं आणि जिथं नाइलाजानं थांबावं लागलं ती जागा मनात.

बर्गन हे शहरच मुळी थांबलेल्या माणसांनी मोठं केलं. ल्यूबेक आणि इतर जर्मन बंदरांतल्या व्यापाऱ्यांच्या हान्सा संघानं १३६० च्या सुमाराला तिथं आपली पेढी घातली. ती १७५४ पर्यंत, जवळजवळ चारशे वर्षं चालली. आज ज्या लाकडी घरांच्या रांगेपुढे प्रवासी फोटो काढतात, त्या ब्रिग्गेनमध्ये हे व्यापारी आणि त्यांचे उमेदवार हिवाळेच्या हिवाळे काढत. आगीच्या भीतीनं घरांत चूल पेटवायची मनाई, म्हणून शेकायला, जेवायला मागच्या बाजूच्या सामाईक दालनात जमायचं. १७०२ च्या आगीत ही वस्ती जळाली, ती पुन्हा जुन्याच धर्तीवर उभी केली. १९७९ मध्ये ती जागतिक वारसा ठरली.

आणि हा सगळा डोलारा कशावर? सुक्या मासळीवर. उत्तरेकडच्या लोफोटेन बेटांवर कॉड मासा लाकडी मांडवांवर टांगून वाऱ्यावर सुकवतात. तीन महिने लागतात. तो बर्गनला यायचा आणि बदल्यात धान्य वर जायचं. सातपाटी, अर्नाळा, डहाणूच्या वलांड्यांवर बोंबील जबड्यात जबडा अडकवून टांगलेले ज्यानं पाहिलेत, त्याला लोफोटेन परकं वाटायचं कारण नाही. आपलं ऊन कडक, आपलं काम दोन-चार दिवसांत उरकतं, एवढाच फरक.

आपल्या किनाऱ्यावरही माणसांना थांबवणारं कुणीतरी होतं. तो होता वारा. अरब आणि इराणी गलबतं एका ऋतूच्या वाऱ्यानं यायची आणि वारं उलटं फिरेपर्यंत त्यांना परतीची वाट बंद असायची. मधले महिने काढायचे कुठे? शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा, चेऊल, संजाण. त्या महिन्यांत उधारी व्हायची, भाषा शिकली जायची, लग्नं लागायची. दहाव्या शतकात चेऊलला आलेल्या अल्-मसूदीनं तिथल्या मोठ्या मुसलमान वस्तीबद्दल लिहून ठेवलंय. त्यातली कितीतरी माणसं इथल्याच मातीत जन्मलेली होती.

या थांबण्याचा सगळ्यात सुंदर पुरावा आमच्या अगदी उंबऱ्याशी सापडला. १९५५ साली चिंचणीत काही ताम्रपट मिळाले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा, राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. तेव्हा संजाणचं मंडल सांभाळत होता एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी. ताम्रपटात त्याचं नाव मधुमती सुगतिप असं येतं. मधुमती हे मोहम्मदाचं संस्कृत रूप. आजूबाजूच्या बंदरांवर त्यानं आपली माणसं नेमली, हे ताम्रपट सांगतोच. पण पुढे आणखी दोन गोष्टी सांगतो. दोन प्रवाहांवर त्यानं फुकट नावा ठेवल्या आणि एक अन्नछत्र घातलं. तिथं साळीचा भात, कालवण आणि तूप विनामूल्य मिळे. देवीच्या मठिकेसाठी जमीन दिल्याची नोंदही याच पत्र्यावर आहे.

अकराशे वर्षांपूर्वीच्या बंदराच्या कारभाऱ्याला ही दोन कामं तांब्यावर कोरण्याइतकी मोलाची वाटली : आलेल्याला पाणी ओलांडून देणं आणि अडकलेल्याला जेवू घालणं. डहाणू, घोलवड, उंबरगाव ओलांडलं की संजाणचं स्टेशन येतं. मी त्या बाजूला जातो तेव्हा मला त्या तुपाची आठवण होते. नुसता भात घालूनही पुण्य लागलं असतं.

तिकडचे फ्योर्ड हिमनद्यांनी कोरलेले. सोग्नेफ्योर्ड तर तेराशे मीटरांहून खोल आहे. म्हणून पंधरा मजली जहाजही डोंगराच्या पोटात सरळ शिरतं. आमच्या खाड्या उथळ, गाळाच्या, तिवरांच्या. इथं भरतीशिवाय होडी आत येत नाही. मोठ्या जहाजांना आम्ही कधी आत येऊच दिलं नाही, आणि मला वाटतं म्हणूनच आमची बंदरं माणसाच्या मापाची राहिली. बर्गनलाही हे माप उशिरा आठवलं. तिथं आता दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे. गायरांगरच्या गावात बारमाही राहणारी माणसं जेमतेम दोन-अडीचशे. त्यांच्या दारात हजारो पाहुणे उतरतात आणि संध्याकाळी जेवायला जहाजावर परत जातात. ज्याला आपण जेवू घालू शकत नाही त्याला पाहुणा तरी कसं म्हणावं?

आमच्याकडे तर मर्यादा ठरवण्याआधीच माप बदलतंय. डहाणूजवळच्या वाढवणला नवं मोठं बंदर होतंय. तिथं समुद्र किनाऱ्याजवळच वीस मीटरांच्या आसपास खोल आहे, म्हणून ही जागा निवडली. १९९८ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणानं या बंदराला नकार दिला होता. २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणानं मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरमध्ये पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, नऊ कंटेनर टर्मिनलं, समुद्रात चौदाशे हेक्टरांहून जास्त भराव. मच्छीमारांचा विरोध त्यांच्या जाळ्यांसाठी आहे, आणि तो मला पटतो. माझं दुखणं त्याला लागूनच आहे. या बंदराचं यश जहाज किती लवकर परत पाठवलं यावर मोजलं जाईल. जगभरातल्या कंटेनर जहाजांवरच्या खलाशांना बंदरात पाय टेकवायला बऱ्याचदा पुरते काही तासही मिळत नाहीत. त्या खलाशांत आपल्या कोकणातली मुलंही आहेत. वाढवणला जगातली सगळ्यात मोठी जहाजं लागतील आणि त्यांवरच्या एकालाही चिंचणीचं नाव कळणार नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं. आराखड्यात खलाशांसाठी एक साधं जेवणघर, धक्क्यापासून गावापर्यंत एक फुकट बस, इतकं मागायला काय हरकत आहे? मागणी नवी नाही. तांब्यावर कोरलेली आहे.

परवा काकूंना घेऊन सातपाटीला गेलो. त्यांना पापलेट हवं होतं, आणि मला त्यांना वलांड्या दाखवायच्या होत्या. धक्क्यावर पोचलो तेव्हा ओहोटी होती. दूर, खाडीच्या मुखाबाहेर, दहा-बारा बोटी नांगर टाकून उभ्या होत्या. टोपल्यांशेजारी बसलेल्या बाईला काकूंनी विचारलं, “कधी येणार आत?” तिनं पाण्याकडे पाहिलं, एक पाटी उपडी करून काकूंपुढे सरकवली आणि म्हणाली, “पाणी भरायला तास आहे अजून. बसा, चहा सांगते.”