बारांपैकी एक

नातेपुत्याच्या आजूबाजूला एखाद्या वस्तीवर जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा आहे आणि तिच्या तिसरीत बारा मुलं आहेत, असं धरू. पट घसरत चाललेल्या वाड्यावस्त्यांवर बारा म्हणजे भरलेला वर्गच. यातल्या नऊ मुलांना परिच्छेद वाचता आला, तर वर्गाचा निकाल 75 टक्के. न वाचणाऱ्या तिघांपैकी एक जण चाचणीच्या दिवशी आलाच नाही, तर अकरांत नऊ, म्हणजे जवळजवळ 82. दोघं आले नाहीत, तर सरळ 90. कुणी एक अक्षर जास्त शिकलेलं नाही, पण शाळा पंधरा टक्क्यांनी वर गेली.

हे गणित शिक्षकाला शिकवावं लागत नाही. ‘उद्या याला रानात नेलं तरी चालेल,’ एवढं पालकाला सांगितलं की काम होतं, आणि हे वाक्य कुठल्याही नोंदवहीत उमटत नाही. दुसरे मार्ग आणखी सोपे आहेत. प्रश्न वाचून दाखवताना बरोबर पर्यायावर आवाज जरा थांबवायचा, किंवा कच्च्या मुलाला हुशार मुलीच्या शेजारी बसवायचं. सगळे शिक्षक असं करत नाहीत. बहुतेक करत नाहीत, असंच मी मानतो. करणाऱ्यालाही चोर म्हणताना माझी जीभ अडखळते. त्याला यातून पैसा मिळत नाही. केंद्राच्या बैठकीत खालून पहिला नंबर आपल्या शाळेचा वाचला जाऊ नये, एवढंच त्याला हवं असतं. वस्तीवरून इंग्रजी शाळेची पिवळी गाडी रोज जाते, तिच्यात आणखी दोन मुलं बसली तर शाळाच राहील की नाही, ही धास्ती खोटी नाही.

तरीही यात कुणाचं तरी काहीतरी जातं. दहावीत कॉपी करणारा मुलगा निदान स्वतःसाठी लबाडी करतो. तिसरीतल्या मुलाच्या नावावर ती मोठी माणसं करतात आणि त्याला पत्ताही नसतो. जून उजाडतो, तो चौथीत जातो, कागदावर त्याला वाचता येत असतं. कागदावर वाचता येणाऱ्या मुलाला पुन्हा मुळाक्षरांपाशी घेऊन बसायचं, हे नव्या शिक्षकाला सुचणार कसं? आपल्याला येत नाही हे कुणाच्या तरी ध्यानात यावं, एवढाच त्या चाचणीतला त्याचा वाटा होता.

2015च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’पासून पायाभूत आणि संकलित चाचण्या आल्या, पुढे ‘स्टार्स’ प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचणी आली. प्रश्नपत्रिका राज्याची, पण चाचणी घेणारा, उत्तरपत्रिका तपासणारा आणि गुण ऑनलाइन भरणारा तोच वर्गशिक्षक. मुलाला काय येतं हे सर्वांत जास्त ठाऊक असणारा माणूस तोच, त्यामुळे ही रचना मुळात वाईट नाही. बिघडते ती त्याच गुणांवरून शिक्षकाची पत ठरू लागते तेव्हा. मग आपण डॉक्टरलाच सांगून ठेवतो की रुग्णाचा ताप जास्त निघाला तर पगारावर बघू.

‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकारानं 2005पासून होणाऱ्या ‘असर’ पाहणीत कार्यकर्ते मुलांची चाचणी शाळेत न घेता घरी जाऊन घेतात. एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट वाचायला देतात. गणितात अंकओळख, हातच्याची वजाबाकी, भागाकार. शाळेचं नाव कुठं लागत नाही, त्यामुळे कुणाला काही लपवायचं कारण उरत नाही. ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी 2018 साली 50.5 टक्के होती. कोरोनानंतर 2022 साली 42.8 टक्के. हे आकडे वाचून मान खाली जाते, पण ते फुगवून कुणाचंच भलं होणार नव्हतं.

अमेरिकेत अटलांटा शहरात उलटं घडलं. तिथं निकालावर शिक्षकांची नोकरी आणि बक्षीस टांगलेलं होतं. 2011च्या चौकशी अहवालात 44 शाळांमधल्या 178 शिक्षक-मुख्याध्यापकांची नावं आली. मुलांच्या उत्तरपत्रिकांवरची चुकीची उत्तरं खोडून बरोबर केली गेली होती. 2015 साली अकरा जण दोषी ठरले.

आपल्याकडे या प्रश्नाला जोतीराव फुल्यांनी 1882 सालीच हात घातला होता. शिक्षणविषयक हंटर आयोगापुढच्या निवेदनात त्यांनी गावच्या शाळामास्तरांबद्दल लिहिलं, त्यात जास्त मुलं पास करणाऱ्या मास्तराला पगाराशिवाय काही भत्ता द्यावा, अशीही सूचना आहे. म्हणजे निकालावर बक्षीस! मला ते पहिल्यांदा वाचताना खटकलं. पण त्याच निवेदनात आधी मास्तराचा पगार बारा रुपयांच्या खाली नको, अशी मागणी आहे. वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा उपयोग नाही, दर तिमाहीला तपासणी व्हावी आणि मधूनमधून न कळवता शाळा पाहाव्यात, असंही त्यात आहे. पोटापुरता पगार, अवचित भेट आणि मग बक्षीस, असा तो सगळा हिशोब होता. आपण त्यातलं शेवटचं टोक धरलं, आणि तेही भत्ता काढून. उरली ती फक्त नंबरांची यादी. भेट ठरलेली असते, तिचा निरोप व्हॉट्सॲपवर येतो आणि आदल्या दिवशी फळ्यावर सुविचार बदलतो.

बारा मुलांच्या वर्गात एका मुलानं आठ टक्के हलत असतील, तर दोन वस्तीशाळांच्या टक्क्यांची तुलना करणंच फोल आहे. केंद्रप्रमुखानं यादी बाजूला ठेवून ‘गेल्या वेळी न वाचणारी तीन मुलं दाखवा, आता कुठवर आली बघू,’ एवढंच विचारलं, तर गैरहजर ठेवायचं कारणच संपतं. उलट त्या तिघांना मुद्दाम बोलावून आणावं लागेल.

नातेपुतं ज्यात येतं त्या माळशिरस तालुक्यात हा प्रश्न आणखी एका वळणावर येतो. अकलूज, माळीनगर, सदाशिवनगरच्या कारखान्यांच्या पट्ट्यात हंगामात ऊसतोड टोळ्या उतरतात. त्यांच्या मुलांची नावं गावाकडच्या हजेरीत असतात आणि मुलं इथं कोप्यांवर. संकलित चाचणीत ती तिकडे गैरहजर लागतात, आणि इथल्या शाळेनं त्यांना बसवून घेतलं तर तिची सरासरी उतरायची भीती. दोन्हीकडच्या टक्केवारीला ती नसलेलीच बरी! स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी पत्रकाची सोय सरकारनं केली आहे. एखाद्या मुलीच्या पत्रकावर गावच्या मास्तरांनी ‘जोडाक्षरांवर अडते, हातच्याची वजाबाकी राहिली आहे’ एवढं खरं लिहून दिलं, तर कारखान्याजवळच्या शाळेतल्या बाईंना त्या मुलीबरोबर पहिल्याच दिवशी कुठून सुरुवात करायची ते कळेल.