अजगर आणि साप : अवधूतांचे दोन मुके गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मार्गशीर्षी पौर्णिमा जवळ आली की घरोघर गुरुचरित्राची पारायणं सुरू होतात. महाराजांच्या तसबिरीतली गाय आणि चार श्वान आपल्या रोजच्या ओळखीचे असतात. पण भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी यदुराजाला जे चोवीस गुरू सांगितले, त्यांतले दोन आपण चटकन पुढे ढकलतो. नववा अजगर आणि बाविसावा साप. एकाची किळस वाटते, दुसऱ्याची भीती. नाथमहाराजांनी या स्कंधावर मराठीत विस्ताराने टीका लिहिली, ती १५७३ साली काशीत पूर्ण झाली. म्हणजे हे दोन्ही गुरू आपल्या भाषेत येऊन साडेचारशे वर्षं होऊन गेली. तरी त्यांच्याकडे निरखून पाहणारे थोडेच.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. शास्त्राधार सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण जमा-नावे जुळवून पाहायची सवय आहे. म्हणून पोथी काय सांगते आणि रानात हे प्राणी खरोखर कसे खातात, कुठे राहतात, हे शेजारी शेजारी ठेवून पाहू.

आधी अजगर. ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ अशी अजगरवृत्ती, असं लोक थट्टेनं म्हणतात. पण पोथीत काय आहे? जे आपोआप येईल, गोड असो की बेचव, थोडं असो की पुष्कळ, ते घ्यावं. नाही आलं तर उपास घडेल, तोही शांतपणे सोसावा. आणि पुढे एक बारीक गोष्ट सांगितली आहे, ती फार मोलाची. अंगात बळ असून पडून राहावं, पण झोप लागू देऊ नये.

रानातला अजगर अगदी असाच वागतो. तो सावजामागे धावत नाही. जनावरांची पायवाट किंवा पाणवठा बघून पाचोळ्यात निश्चल पडतो. त्याच्या ओठांवर खाचा असतात, त्यांतून समोरच्या जिवाच्या अंगाची ऊब त्याला अंधारातही कळते. बाहेरून मेल्यासारखा दिसतो, आतून पूर्ण जागा असतो. एकदा पोटभर मिळालं की पुढे कित्येक आठवडे, वेळ पडली तर महिनेही, त्याला काही लागत नाही. आपल्या अजगराचा जवळचा नातेवाईक म्हणजे ब्रह्मदेशी अजगर. त्याच्यावर शास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केला. खाल्ल्यावर त्याचं आतडं, यकृत, हृदयसुद्धा वाढतं आणि पचन संपलं की पुन्हा आटतं. काम असेल तेवढाच पसारा, काम संपलं की पसारा बंद. आम्हाला बँकेत हे कधी जमलं नाही हो!

आता सांगा, हा आळस आहे का? आळशी माणूस पडून राहतो आणि मनात दहा ठिकाणी धावतो. अजगर एका जागी पडतो आणि तिथेच असतो. पेन्शनीत निघालेल्या आम्हा मंडळींना हा धडा फार जवळचा. हाताला काम नाही, पण व्याजाचा दर कुठे पाव टक्का जास्त आहे याची घालमेल रात्री दोनलाही चालू. लॉकरच्या खोलीत मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. माणसं पेटी उघडत, दागिने मोजत, पुन्हा तसेच ठेवून जात. अंगावर घातलेलं कधी दिसलं नाही. अजगर ओकून पुन्हा मोजत नाही. मिळालं ते पचवतो.

दुसरा गुरू साप. अवधूत म्हणतात, साप एकटा फिरतो, सावध राहतो, आवाज करत नाही, आणि दुसऱ्यानं केलेल्या घरात सुखानं राहतो. नाशिवंत देहासाठी घर बांधण्याचा खटाटोप शेवटी दुःखच देतो.

हेही अक्षरशः खरं आहे. नागाला ना पाय, ना नखं. बीळ उकरणार कशानं? उंदीर बीळ करतो. नाग त्याला खातो आणि त्याच्याच घरात वस्तीला राहतो. वारूळ वाळवीचं. आत ना फार ऊन, ना फार गारठा, म्हणून साप तिथे शिरतो. राजस्थानात भरतपूरचं केवलादेव राष्ट्रीय उद्यान पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथले अजगर साळिंदराच्या बिळात राहतात, अनेकदा साळिंदर आत असतानाच. थंडीत दिवसा बिळाच्या तोंडाशी येऊन उन्हाला पडायचं, सांजेला आत जायचं. सातबाऱ्यावर नाव कुणाचंच नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे, नाहीतर हिशेब अपुरा राहील. नागराजाची मादी पालापाचोळा गोळा करून घरटं रचते. सापांत हे तिचंच वैशिष्ट्य. पण ते अंड्यांसाठी. पिल्लं बाहेर यायच्या सुमारास ती ते सोडून निघून जाते. कर्तव्यापुरतं घर बांधलं, कर्तव्य झालं, घर सुटलं. गृहस्थाश्रमाला याहून सोपा दाखला कुठला द्यायचा?

आम्ही शिरोळ तालुक्यातले, नृसिंहवाडीच्या कुशीतले. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापूर पाहिले. कृष्णा-पंचगंगेचं पाणी उसात शिरलं की बिळं आधी भरतात. साप बाहेर पडतात, झाडावर, बांधावर, कुणाच्या माळ्यावर चढतात. जाताना बरोबर काही नाही. २०१९ ला आमच्या गल्लीत नाव आली, तेव्हा एक आजोबा उंबऱ्यावरून हलेनात. “बापजाद्याचं घर हाय, सोडून कसा येऊ?” नावाडी म्हणाला, “आजोबा, घर जातंय कुठं? तुम्ही चला की.” शेवटी चौघांनी उचलून नावेत बसवलं. त्यांचं दुःख खोटं नव्हतं. पण घर आपल्यासाठी असतं की आपण घरासाठी, हे पाणी उंबऱ्याला लागण्याआधी ठरवून ठेवावं. वारसाचं नाव लिहायचा फॉर्म पुढे केला की रागावणारी माणसं मी काउंटरवर पुष्कळ पाहिली. निघायचं आहे हे कागदावरही मान्य होत नाही.

आता गुरूंशी आपलं वागणं कसं आहे? नागपंचमीला दूध पाजतो. सापाचं ते अन्नच नव्हे. पकडून तहानलेला ठेवलेला साप नाइलाजानं तोंड लावतो आणि पुढे त्याच दुधानं आजारी पडतो. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते म्हणतात. तिच्या तोंडाला ओढून पिण्याची सोयच नाही. ती गोठ्यात येते उंदरांसाठी. बिनविषारी, शेतकऱ्याची राखणदार, आणि काठी पडते आधी तिच्याच पाठीत.

पण भक्ती म्हणजे भाबडेपणा नव्हे. २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतली पुष्कळशी खेड्यातली, शेतात राबणारी. म्हणून हात जोडून सांगतो. रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नका. बिळात, सरपणात हात घालू नका. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका, झोपलात तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. आणि दंश झालाच तर देवऋषी, मंत्र, दोरा यांत एक क्षणही घालवू नका. प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. अंगारा गाडीत बसल्यावर लावा. महाराज तेवढ्यानं रुसत नाहीत.

या जयंतीला नैवेद्याच्या ताटाबरोबर दोन लहान संकल्प करू या. एक अजगराच्या नावाचा : पानात पडेल ते नावं न ठेवता खाईन, आणि दिवसातून थोडा वेळ तरी काही न मागता जागा बसेन. दुसरा सापाच्या नावाचा : ज्या घरात राहतो ते आधी कुणीतरी उभं केलं, नंतर कुणीतरी राहणार, मी मधला वस्तीकर. झाडलोट मन लावून करीन, हट्ट धरणार नाही.

आणि घरात साप निघालाच, तर काठी शोधण्याआधी सर्पमित्राला बोलवा. तो दोन दारांमधली वाट चुकलेला अवधूतांचा गुरू आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.