वडिलांच्या रोगाचे नाव वडिलांना सांगावे काय?



समजा, पनवेलच्या एखाद्या घरात सत्तरीचे वडील आहेत. रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतात, धार बारीक झाली आहे. पण ते कुणाला बोलत नाहीत. सुनेसमोर कसे बोलायचे? मुलालाही विचारायची लाज वाटते. "म्हातारपण आहे, चालायचेच," असे म्हणत वर्ष जाते. मग एके दिवशी लघवी तुंबते, दवाखाना गाठावा लागतो, रक्त तपासले जाते आणि डॉक्टर मुलाला बाजूला घेऊन प्रोस्टेटच्या कर्करोगाची शंका बोलून दाखवितात. घरी येताच मुलगा आईला बजावतो, "आबांना नाव सांगायचे नाही. हाय खातील."

हे लपविणे धम्माला धरून आहे काय? माझ्या मते नाही. पण मुलाच्या मनात कपट नसते, माया असते. तेव्हा असत्य न बोलण्याचे शील नुसते त्याच्या तोंडावर फेकून भागणार नाही. त्याच्या भीतीचा विचार केला पाहिजे.

नवदीक्षित घरात ही भीती दुहेरी असते. एक मरणाची आणि दुसरी भावकीची. "देव्हारा हलवलात, कुलदैवत कोपले," असे कुणीतरी चुलता ओट्यावर बसून बोलून जातो. कुणी मागच्या जन्मीचे पाप काढतो. बंधूंनो, मोलियसीवक नावाच्या परिव्राजकाने तथागतांना हेच विचारले होते की, माणूस जे सुखदुःख भोगतो ते सारे पूर्वकर्मानेच काय? तथागतांनी ते मान्य केले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूंचा फेरबदल अशी कारणे त्यांनी मोजून दाखविली. प. पू. बाबासाहेबांनीही 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात गतजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारला आहे. प्रोस्टेटचा कर्करोग वयाबरोबर वाढतो आणि काही घराण्यांत रक्ताने उतरतो. म्हणजे वडिलांच्या रोगाचे नाव मुलांनाही ठाऊक असणे जरुरीचे आहे. वडिलांना झालेला असेल तर मुलाला धोका अधिक असतो.

आता विनयपिटकातील महावग्ग पाहा. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता, त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हते. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचकावर निजविले. ही कथा आपल्या विहारांतून सांगितली जाते. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तेथे भगवंत म्हणतात की, जो रोगी आपला आजार आहे तसा सांगत नाही, वाढला तर वाढला, उतरला तर उतरला असे शुश्रूषा करणाऱ्याला कळवीत नाही, त्याची सेवा करणे कठीण. वडील लघवीचा त्रास लपवितात तेव्हा ते असे कठीण रोगी होतात. पण आपण त्यांच्यापासून रोगाचे नाव लपवून ठेवले, तर त्यांनी आपल्याला सारे खरे सांगावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

शिवाय या रोगात लपविणे टिकतही नाही. पी.एस.ए. नावाची रक्ताची तपासणी वाढलेली आली म्हणजे कर्करोगच असे नाही. ग्रंथी नुसती फुगली किंवा तिथे जंतुसंसर्ग झाला तरी ती वाढते, आणि म्हाताऱ्यांच्या लघवीची तक्रार पुष्कळदा या साध्या फुगण्याचीच असते. खात्री करण्यासाठी सुईने ग्रंथीचे दहा-बारा बारीक तुकडे काढतात. त्यानंतर काही दिवस लघवीत रक्त दिसते. ताप आला तर सकाळची वाट न पाहता इस्पितळ गाठावे लागते. काय चालले आहे हे ज्याला सांगितलेलेच नाही, तो म्हातारा ते रक्त पाहून काय समजेल?

आणि पुढचा प्रसंग याहून अवघड आहे. रोग पसरलेला असेल तर शरीरातील पुरुषी रसाचा पुरवठा तोडतात. त्याने हा कर्करोग आटोक्यात येतो हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखविले व 1966 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे दोन मार्गांनी होते. ठराविक महिन्यांनी इंजेक्शने घेत राहणे, किंवा एकदाच शस्त्रक्रिया करून वृषण काढणे. शस्त्रक्रिया स्वस्त पडते, म्हणून गरिबाच्या घरात तीच पुढे येते. कागदावर सही कुणाची? मुलगा घाईघाईने सही करून मोकळा होईल. पण शरीर वडिलांचे, आणि पुरुषपणाविषयी त्यांच्या मनात जे काही आहे तेही त्यांचेच. नाव न सांगता ही संमती मागणे ही मला फसवणूकच वाटते. आईलाही विश्वासात घ्या. कामेच्छा जाते, अंगातून गरम वाफा निघाल्यासारखे होते, स्वभाव चिडका होतो. तिला हे ठाऊक नसेल तर ती स्वतःलाच दोष देत बसेल.

सांगताना हेही सांगा की हा रोग पुष्कळदा मंदगतीचा असतो. सौम्य असेल तर डॉक्टर लगेच चाकू न लावता तपासण्या करीत नुसती नजर ठेवण्याचाही सल्ला देतात. नाव ऐकले म्हणजे मरण ऐकले असे नाही. नाव एकदम तोंडावर मारू नये हेही खरे; आबा विचारतील तेवढे सांगावे, उद्या पुन्हा विचारतील तेव्हा पुढचे सांगावे, पण खोटे काहीच सांगू नये.

टाटा रुग्णालयाचे केंद्र आपल्याच तालुक्यात खारघरला आहे. पनवेलहून लोकलने तिसरे स्टेशन. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. योजनेतील इस्पितळात आरोग्यमित्र बसतो, त्याच्यापुढे रेशनकार्ड ठेवावे. सारे रिपोर्ट तारखेप्रमाणे एका पिशवीत लावा आणि ती पिशवी आबांच्याच हाती द्या. डॉक्टरांपुढे खुर्चीवर त्यांना बसवा, तुम्ही शेजारी उभे राहा. त्यांना ऐकू कमी येत असेल तर डॉक्टरांचे बोलणे पुन्हा मोठ्याने सांगा. आणि सारे ऐकून ते म्हणाले की शस्त्रक्रिया नको, इंजेक्शने घेऊ, तर पुढच्या इंजेक्शनची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.