आभाळ आणि गुडघे

खुर्चीवर बसा. मांडी घालायचा हट्ट नको; मननासाठी गुडघे मोडावे लागत नाहीत. हात मांड्यांवर सैल सोडा. श्वास चाललाय तसा चालू द्या.

आता जे सांधे धरलेत तिथं लक्ष न्या. बोटांची पेरं, मनगट, गुडघ्याची वाटी. तिथं ठणका आहे, कळ आहे, की नुसता जडपणा? सावकाश बघा.

मग जून आठवा. नांदेडवर आभाळ भरून येतं, वारा दमट होतो, आणि पहिला थेंब पडायच्या आधीच घरातली आजी म्हणते, ‘गुडघे धरले बाई, पाऊस येतोय.’ तिला वेड्यात काढू नका. मँचेस्टर विद्यापीठानं 2,600हून अधिक लोकांकडून मोबाइलवर रोजच्या दुखण्याच्या नोंदी घेतल्या. हवेत दमटपणा जास्त, दाब कमी आणि वारा जोराचा, अशा दिवशी दुखणं थोडं वाढलेलं दिसलं, असं त्यांनी 2019 मध्ये मांडलं. थोडंच, हेही ऐकून ठेवा. अमेरिकेतल्या 2017 च्या एका मोठ्या अभ्यासात तर पावसाच्या दिवशी सांधेदुखीचे रुग्ण डॉक्टरांकडे जास्त गेल्याचं दिसलंच नाही.

तरी क्षणभर शिवारात या. पाऊस झाला की खुरपणी लागते. बाया उकिडव्या बसून सोयाबीनच्या तासातून दिवसभर पुढं सरकतात. काळ्या रानाचा चिखल चपलेला चिकटून पाय मणाचा होतो. दुखणं सगळं आभाळातूनच येतं का? आपण ढगाला बोल लावतो, कामाला लावत नाही, कारण काम काही सुटणार नसतं. तुमच्या दुखऱ्या दिवसांत हवा किती आणि राबणं किती, हे मनाशी वेगळं करून बघा. मला तर राबण्याचं पारडं जड वाटतं.

थंडीतली पहाट. मूठ वळत नाही. किती वेळ? झिजलेला गुडघा चार पावलं टाकली की बहुधा मोकळा होतो. आमवाताची बोटं तासभरही अडून बसतात. घड्याळ बघा, आणि सांधे सुजत असतील तर डॉक्टरांना तो वेळ सांगा.

आता उन्हाळा. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. टंचाईत घागरी वाहणारे खांदे-मनगटं आठवा. घरात भरून ठेवलेलं पाणीही आठवा, कारण चिकुनगुनियाचा डास त्यात वाढतो. 2006 ची साथ मराठवाड्यानं भोगली आहे. ताप काही दिवसांत उतरला, कित्येकांचे सांधे मात्र महिनोन्‌महिने धरलेले राहिले.

उन्हात सांधे हलके वाटतात, तेव्हा आमवाताची औषधं मनानं बंद करू नका. आणि दुखणं थांबवायची गोळी दुकानातून आणून उपाशीपोटी, कमी पाण्यावर रोज घेत असाल, तर ती आजच डॉक्टरांना दाखवा. शरीरात पाणी कमी असताना अशा बऱ्याच गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.