पापणी मिटायची आठवण



आजचं चिंतन गीतेच्या पाचव्या अध्यायातल्या आठव्या आणि नवव्या श्लोकांवर आहे. तत्त्व जाणणारा माणूस पाहतो, ऐकतो, स्पर्श करतो, वास घेतो, जेवतो, चालतो, झोपतो, बोलतो. पण 'मी काहीच करत नाही, इंद्रियं आपापल्या विषयांत वावरताहेत' हे तो आतून जाणून असतो, असा या दोन श्लोकांचा भाव. या यादीच्या अगदी शेवटी एक बारीकशी क्रिया येते. डोळ्यांची उघडझाप.

इतकी वर्षं ही यादी मी भराभर वाचून पुढे जायचो. भगवंतांनी पापणीची हालचालसुद्धा का मोजली असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही. डोकं दुखायला लागलं तेव्हा पडला.

गेले काही महिने रोज संध्याकाळी कपाळ ठणकायचं. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. दिवसभर ऑफिसात लॅपटॉप, जाता-येता लोकलमध्ये फोन, घरी आल्यावर पुन्हा फोन. आधी वाटलं चष्म्याचा नंबर वाढला. मग एक 'ब्लू लाइट'वाला चष्मा मागवला, त्यानेही काही फरक पडेना. शेवटी आईने ढकललं म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर मॅडमनी सगळं तपासलं. नंबर तोच होता. त्या म्हणाल्या, "डोळे कोरडे पडलेत. तुम्ही पापण्या मिटायला विसरताय."

मला हसूच आलं. पण त्यांनी नीट समजावलं. एरवी माणसाची पापणी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा मिटते. दर वेळी ती डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर पसरवते. स्क्रीनकडे टक लावून पाहताना हे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. थर सुकतो, डोळे जळजळतात. शिवाय डोळ्याच्या आत भिंगाचा आकार बदलणारा एक छोटा स्नायू असतो. जवळचं बघताना तो आवळलेला राहतो, लांब बघितलं की सैल होतो. फोन आपण पुस्तकापेक्षाही जवळ धरतो, दीड वीतभर अंतरावर, आणि तोही मान खाली घालून, तासन् तास. मग डोकं दुखणार नाही तर काय! निळ्या प्रकाशाने डोळे खराब होतात या भीतीपोटी चष्मे विकले जातात, पण स्क्रीनच्या प्रकाशाने डोळ्यांना इजा होते असा पुरावा नाही, हेही त्यांनी सांगितलं. म्हणजे दोष माझ्या थांबता न येण्यात होता. चष्मा बिचारा काय करणार?

घरी येताना मी मनाशी एक समजूत घातली. इतर मुलं गेम खेळतात, नको ते बघतात. मी तर बहुतेक वेळा कीर्तन ऐकतो, पंढरपूरचं दर्शन बघतो, निरूपणाच्या क्लिप्स बघतो. देवासाठी डोळे थोडे शिणले तर बिघडलं कुठे? ती एक प्रकारची सेवाच झाली की!

ही समजूत आठवडाभरही टिकली नाही.

आमच्या आज्जीला काचबिंदू आहे. तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. रोज रात्री जेवणानंतर तिला ज्ञानेश्वरीच्या दहा-बारा ओव्या वाचून दाखवायच्या, हे काम माझं. वेळ लागतो फार तर पंधरा मिनिटं. त्या दिवशी तिने हाक मारली तेव्हा मी म्हणालो, "आज्जी, डोकं फार दुखतंय गं. उद्या वाचतो." ती लगेच म्हणाली, "बरं बाळा, पड जरा. डोळ्यांना आराम दे." मग एकटीच अंधारात बसून पाठ असलेलं काहीतरी पुटपुटत राहिली.

डोकं खरंच दुखत होतं, मी खोटं बोललो नव्हतो. पण अंथरुणात पडल्यावर हात फोनकडे गेला. एक कीर्तन लागलं, मग दुसरं, मग तिसरं. साडेबारा वाजता आज्जी पाणी प्यायला उठली. चाचपडत माझ्या दारापाशी आली आणि हळूच विचारलं, "उतरलं का रे डोकं?"

तिला फोनचा उजेड दिसला की नाही, मला माहीत नाही. ती तेवढं विचारून गेली. माझ्या हातात कीर्तन चालू होतं आणि मला तोंड लपवावंसं वाटलं.

तेव्हा कळलं की स्क्रीनवर काय चाललंय, याने प्रश्न सुटत नाही. दिवसभरात डोळ्यांना जेवढं बळ मिळालं होतं ते मी आधीच उधळलं होतं, आणि जिला खरोखर माझे डोळे हवे होते तिच्यासाठी पंधरा मिनिटंही उरली नव्हती. विषय पवित्र असला तरी हाव ती हावच. गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंत म्हणतात की, जे अविचाराने शरीराला कष्टवतात ते आत राहणाऱ्या मलाही कष्टवतात. मी ज्याला सेवा समजत होतो, ते याच्याच जवळचं काहीतरी होतं.

आता पुन्हा आजच्या श्लोकांकडे येऊ. कारण इथे एक चोरवाट आहे, आणि मी ती वापरून पाहिली आहे. 'इंद्रियं आपापल्या विषयांत वावरताहेत, मी काहीच करत नाही' असं भगवंतच म्हणतात ना? मग डोळे स्क्रोल करताहेत, अंगठा सरकतोय, त्यात माझा काय दोष?

दोष हा, की श्लोकातला माणूस आपल्या इंद्रियांना पाहत असतो. पापणी उघडली, पापणी मिटली, इतकं बारीकसुद्धा त्याच्या ध्यानात असतं. बहुतेक म्हणूनच ही क्रिया यादीत शेवटी आली असावी: साक्षीपण इथपर्यंत पोचलं पाहिजे. माझं काय होतं? डोळे जळजळेपर्यंत मला डोळे आहेत हेच आठवत नव्हतं. साक्षी राहणं आणि बेभान होणं, दोन्हींत 'मी' नसतो. पण पहिल्यात जाणीव असते, दुसऱ्यात तीही नसते. बेभानपणाला अकर्तेपण म्हणणं ही स्वतःचीच फसवणूक आहे.

महाभारताच्या वनपर्वात नल-दमयंतीची कथा आहे. स्वयंवरात चार देव नलाचं रूप घेऊन बसतात. दमयंतीपुढे पाच नल! ती देवांनाच शरण जाते आणि मग तिला खुणा दिसतात. देवांना घाम नाही, त्यांच्या माळा कोमेजत नाहीत, पाय जमिनीला लागत नाहीत आणि पापण्या लवत नाहीत. ज्याची पापणी लवते तो माणूस, तोच तिचा नल. तिने पापणी लवणाऱ्याला वरलं. पापणी लवणं ही आपली माणूसपणाची खूण आहे. थकणं, मिटणं, थांबणं आपल्या घडणीतच आहे. देव न होता देवांसारखं अनिमिष बघत बसलो की फक्त डोकं दुखतं.

कुणी म्हणेल, मग भागवतातल्या गोपींचं काय? कृष्णाकडे बघताना पापणी मिटते म्हणून त्या पापण्या घडवणाऱ्या विधात्यालाच दोष देतात. हो, पण त्यांना पापणी मिटल्याचं कळत होतं! तो एक क्षण त्यांना युगासारखा वाटत होता, इतक्या त्या जाग्या होत्या. आपल्याला मात्र दोन तास गेलेले कळत नाहीत. प्रेमाने क्षण मोठा होतो. गुंगीने तास गिळले जातात. आपलं बघणं कुठल्या जातीचं आहे, हे ओळखायला ही खूण पुरेशी आहे.

मी सध्या काय करतो ते सांगतो. मॅडमनी सांगितलेला साधा नियम आहे: दर २० मिनिटांनी, २० फुटांपलीकडे, २० सेकंद बघायचं. २० फूट म्हणजे साधारण सहा मीटर. लोकलमध्ये खिडकीबाहेर बघतो, ऑफिसात समोरच्या पिंपळाकडे. त्या २० सेकंदांत पापण्या सावकाश मिटत नाम घेतो. नामाला वेगळा वेळ काढावा लागत नाही आणि डोळ्यांनाही विश्रांती मिळते. रात्री कीर्तन ऐकायचंच असेल तर फोन पालथा ठेवतो. कीर्तन कानांनीच ऐकायचं असतं, नाही का? डोकेदुखी बरीच कमी झाली आहे. तुमची कमी होत नसेल, धूसर किंवा दोन-दोन दिसत असेल, तर मात्र नियमांवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि ऑफिसातून आल्यावर फोन देवघराशेजारच्या फळीवर ठेवतो. आज्जीच्या ओव्या होईपर्यंत तो तिथेच. काही दिवस जमतं, काही दिवस हात जातोच. परवा वाचता वाचता मी मध्येच थांबलो, तर आज्जी म्हणाली, "दुखतंय का रे? राहू दे." म्हटलं, "नाही गं, पापणी मिटत होतो."

हे वाचतानाही तुम्ही स्क्रीनकडेच बघताय. आता मान वर करा. लांबवर काहीतरी बघा. डोळे मिटा. आणि आज तुमच्या डोळ्यांची वाट घरातलं कोण बघतंय, तेवढं आठवा.

राम कृष्ण हरी!