कंठ तयार करणे हा अभिमान आहे काय?

देवाचे भजन अंतःकरणातून निघावयाचे. मग त्यासाठी आधी गळा तयार करीत बसण्याचे कारण काय, असे कित्येक भाविक विचारतात. स्वरांचा अभ्यास गवयाने करावा, भक्ताने केला तर तो अभिमान होय, असे त्यांचे म्हणणे. यात सत्याचा अंश आहे. परंतु ते पुरते सत्य नव्हे.

पहिल्या इतिहासाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वराच्या गायनात शिकून निपुण झालेल्यांची संख्या २८८ दिली आहे. ते भक्तच होते, तरी शिकले. मात्र सेवेच्या पाळीसाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा गुरू आणि शिष्य यांत भेद केला नाही. निपुणता हवी, पण तिचा मान नको, हा धडा तेथेच आहे.

रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे अभंग व पदे रचून ख्रिस्ती भजनास मराठी वळण दिले. अशा पदांत शब्द मुख्य. दम मध्येच तुटला तर चरण तुटतो, आणि दारापाशी बसलेल्या, अक्षरओळख नसलेल्या म्हातारीस अर्थ लागत नाही. तिला तर हेच वचन, हाच उपदेश. तेव्हा श्वास सांभाळणे ही तिची सेवा होय.

छाती व पोट यांमधील स्नायूंचा पडदा खाली उतरला म्हणजे फुप्फुसे भरतात. खांदे उचलून घेतलेला दम उथळ राहतो. कंठातील स्वररज्जू गाताना कशा हलतात, हे मानुएल गार्सिया नामक गायनशिक्षकाने १८५४ साली आरशाच्या योगे स्वतःच्याच गळ्यात पाहिले. साध्या बोलण्यातही त्या पुरुषांत सेकंदास सुमारे शंभर व स्त्रियांत सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. असा नाजूक अवयव एकदम उंच स्वरास लावणे म्हणजे मानेवर जू ठेवताच बैलांस चढणीवर हाकणे होय.

म्हणून उपासनेपूर्वी दहा मिनिटे ताठ बसावे. पोट फुगेल असा श्वास सावकाश घ्यावा, व त्याहून सावकाश सोडावा. मग तोंड मिटून गुणगुणावे. नंतर सोईच्या षड्जापासून एकेक स्वर चढावा व उतरावा. गळा दुखू लागताच थांबावे. घसा तीन आठवड्यांहून अधिक बसलेला राहिला तर वैद्यकी सल्ला घ्यावा.

येथे शेजाऱ्याचाही विचार हवा. आपल्यापैकी कित्येकांची मुले आता शहरांत राहतात. मीरारोडच्या शांतीनगरासारख्या दाट वस्तीत एका भिंतीच्या दोन्ही अंगांस दोन कुटुंबे असतात. नीतिसूत्रांत पहाटे मोठ्याने दिलेल्या आशीर्वादासही दोष दिला आहे. तेथे मिटल्या तोंडाचे गुणगुणणेच पुरे. शेजाऱ्याची झोप मोडून केलेली साधना देवास कशी आवडेल?

आता अभिमानाची पारख. ज्याच्या गळ्यावर अवघी मंडळी गप्प होऊन ऐकत राहते, त्याने सावध असावे. ज्याच्या आधाराने बेसूर मनुष्यही निर्भयपणे गाऊ लागतो, त्याची साधना सफळ झाली. आमोस संदेष्ट्याच्या काळी गीते होती, पण न्याय नव्हता, म्हणून देवाने ती नाकारली. तेव्हा, बंधुभगिनींनो, श्वास देवाने दिला आहे. तो नीट वापरण्यास शिकू या, आणि त्याच श्वासाने शेजाऱ्याशी खरे व गोड बोलण्यासही शिकू या.