लाज कोणाच्या नावावर?

आपल्याकडच्या आणि बाहेरच्या धर्मपरंपरांत कबुलीला मोठा मान आहे, पण ती ऐकणाऱ्याच्या समोर उभे राहून द्यायची असते. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात केलेले पाप उघड सांगणे हा पापातून सुटण्याचा एक मार्ग मानला आहे. बौद्ध भिक्षू उपोसथाच्या दिवशी आपला दोष सहभिक्षूपुढे मान्य करतो, जैन साधक गुरूपुढे आलोचना करतो. १२१५ च्या लॅटरन परिषदेने प्रत्येक कॅथलिकाला वर्षातून एकदा तरी धर्मगुरूपुढे पापनिवेदन करणे बंधनकारक केले आणि ऐकणाऱ्यावर गुप्ततेचे बंधन घातले. या साऱ्यांत बोलणारा स्वतः दोषी आहे असे गृहीत धरलेले आहे, म्हणूनच नावाला तिथे महत्त्व आहे. नाव लपवून दोष सांगितला तर सांगणाऱ्याचे मन हलके होते, पण ज्याचे नुकसान केले त्याच्या पदरात काहीच पडत नाही. अमेरिकेत फ्रँक वॉरन यांच्या ‘पोस्टसीक्रेट’ला अनोळखी माणसे पोस्टकार्डांवर निनावी गुपिते पाठवत आली, त्यांतल्या अपराधाच्या कबुल्यांविषयी मला ही शंका कायम वाटते.

बंगळुरूतल्या एका कामापुढे मात्र बोलणारा दोषीच असतो हे गृहीत टिकत नाही. सृष्टी या कलाशिक्षणसंस्थेत शिकत असताना जस्मीन पाथेजा यांनी २००३ मध्ये ‘ब्लँक नॉइज’ हा स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्धचा उपक्रम सुरू केला. त्यातल्या ‘आय नेव्हर आस्क फॉर इट’ या प्रकल्पासाठी स्त्रिया छळ झाला तेव्हा अंगावर असलेला कपडा देतात. असे १०,००० कपडे एकत्र उभे करण्याचा संकल्प आहे. छळाची हकिकत सांगणाऱ्या बाईला ‘तू काय घातलं होतंस?’ हा प्रश्न इतक्या वेळा ऐकावा लागतो, की पुढे तो ती स्वतःच स्वतःला विचारू लागते. अपराध दुसऱ्याचा, आणि कबुलीच्या पिंजऱ्यात उभी ती. एकटा कपडा पुढे आला तर बघणारा त्यात कारण शोधेल. साडी, सलवार-कमीज, शाळेचा गणवेश शेजारी शेजारी आले की कारण कपड्यात नव्हते हे दिसू लागते. ही साक्ष संख्येने आणि विविधतेने उभी राहते, नावाने नव्हे.

निनावी माणूस खोटेही बोलू शकतो, हा आक्षेप न्यायालयात योग्यच आहे. आरोपीला आपल्यावर आरोप कोण करते हे कळलेच पाहिजे. पण हा कपडा कोणा एकावर बोट ठेवत नाही, कोणासाठी शिक्षाही मागत नाही. शिवाय बलात्कार-पीडितेची ओळख तिच्या संमतीवाचून छापू नये असे आपला कायदाच १९८३ पासून सांगतो. 

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: लाज तिची नसेल तर नाव का लपवायचे? लपवणे म्हणजे लाज मान्य करणेच नव्हे का? तुकोबांनी तर आपले दोष ‘तुका’ या नावानिशी जगापुढे मांडले. याला उत्तर कन्नड भूमीतच सापडते. बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे वचने रचणारे कन्नड शिवभक्त कवी, वचनाच्या शेवटी स्वतःच्या नावाऐवजी इष्टदेवाचे नाव घालत. त्यांच्यातली सूळे संकव्वे वेश्याव्यवसायातली होती. तिचे एकच वचन उरले आहे आणि त्यातली नाममुद्रा आहे निर्लज्जेश्वर. समाजाने जी लाज तिच्या अंगाला चिकटवली होती, ती तिने लाज नसलेल्या देवाच्या हवाली केली. वचनात स्वतःचे नाव घातले नाही म्हणून तिचे धैर्य उणे ठरत नाही. आजही नाव सांगण्याची किंमत घर, नोकरी, लग्न यांतून वसूल केली जाते, आणि ती वसूल करणारे बहुधा तिच्या जवळचेच असतात. जोवर ही वसुली चालू आहे, तोवर तिच्याकडे नाव मागणे म्हणजे ‘तू काय घातलं होतंस?’ हाच जुना प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारणे. ज्याने हात टाकला, त्याला मात्र निनावी राहण्याची ही मुभा मी देणार नाही.